डबा त्याने घडवला, बाजार तिने उभा केला

घरातला एखादा प्लास्टिकचा डबा रिकामा करा, उपडा करा आणि तळाच्या मधोमध बोट फिरवून पाहा. बहुतेक डब्यांवर एक बारीक, खडबडीत टिपका बोटाला लागेल. वितळलेले प्लास्टिक ज्या छिद्रातून साच्यात शिरले, त्या जागेची ती खूण. बादली, मग, बसायची खुर्ची, मुलांची पाटी, बाटलीचे बूच अशा शेकडो वस्तू याच पद्धतीने बनतात. तिला इंजेक्शन मोल्डिंग म्हणतात. या महिन्यात आपण याच पद्धतीवर उभ्या राहिलेल्या एका अमेरिकन कंपनीची हकिकत पाहणार आहोत. तिचे नाव टपरवेअर. हे नाव आपल्याकडेही इतके रुळले आहे की घट्ट झाकणाच्या कुठल्याही डब्याला, तो कोणत्याही कंपनीचा असो, अनेक घरांत ‘टपरवेअर’च म्हणतात.

कंपनीच्या या प्रवासात घरी बसून चार पैसे कमावू पाहणाऱ्या प्रत्येक भगिनीने आणि तिच्या घरच्यांनी लक्षात घ्यावे असे बरेच काही आहे, म्हणून हा विषय घेतला.

आधी मशीन समजून घेऊ. प्लास्टिकचा कच्चा माल बारीक दाण्यांच्या रूपात येतो. कारखान्यात त्याला दाणाच म्हणतात. हा दाणा मशीनच्या नळीत तापवून वितळवतात आणि मोठ्या दाबाने पोलादी साच्यात सोडतात. साच्याच्या आतून थंड पाणी फिरत असते. माल घट्ट झाला की साचा उघडतो, तयार वस्तू बाहेर पडते आणि साचा पुन्हा मिटतो. एका वस्तूला काही सेकंद, फार तर मिनिटभर लागते.

यात महाग असतो तो साचा. तो कारागिरांकडून अत्यंत अचूक बनवून घ्यावा लागतो. एकदा बनला की त्यातून लाखो वस्तू निघतात. दहा डबे काढले तर एकेक डबा सोन्याच्या भावाने पडतो, दहा लाख काढले तर काही रुपयांत. म्हणून या धंद्याचा जीव खपात असतो. मशीन डबे ओतत राहते आणि ते विकणारे कुणीतरी लागते. टपरवेअरचा उदय आणि पडझड या दोन्हींच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

कंपनीचे संस्थापक अर्ल टपर. त्यांचा जन्म १९०७ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी झाडांची निगा राखण्याचा व्यवसाय केला, पण मंदीच्या काळात १९३६ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. मग ते मॅसॅच्युसेट्समधील लेमिन्स्टर या गावी ड्युपॉन्ट कंपनीच्या प्लास्टिक विभागात लागले. लेमिन्स्टर हे पूर्वीपासून कंगव्यांचे गाव. आधी शिंगांचे कंगवे, मग सेल्युलॉइडचे, असे करत तिथे प्लास्टिकचा उद्योग रुजला होता. टपर तिथे जेमतेम वर्षभर राहिले, पण साचे आणि मशीन यांची ओळख तिथेच झाली. १९३८ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीने लष्करासाठी गॅस मास्कचे भागही बनवले.

युद्ध संपले आणि त्यांच्या हाती एक नवा माल आला, पॉलिथिन. याचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला होता. युद्धात रडारच्या तारांवर आवरण म्हणून ते उपयोगी पडले. घरगुती वस्तूंसाठी मात्र ते कुणी फारसे वापरत नव्हते. ड्युपॉन्टकडून टपर यांना पॉलिथिनचा काळा, टाकाऊ गोळा मिळाला आणि तो शुद्ध करून त्यांनी स्वच्छ, लवचिक प्लास्टिक तयार केले, असे सांगितले जाते. त्यांचे वाडगे हलके होते, पडून फुटत नव्हते आणि त्या काळातल्या इतर प्लास्टिकसारखा त्यांना वास येत नव्हता.

टपर यांची खरी करामत झाकणात होती. रंगाच्या डब्याचे झाकण जसे कडेला घट्ट बसते, तसे झाकण त्यांनी वाडग्यासाठी घडवले. मधे दाबायचे, कड किंचित उचलायची, आतली हवा ‘फुस्स’ करून बाहेर जाऊ द्यायची आणि झाकण सोडून द्यायचे. वाडगा उपडा केला तरी रस्सा सांडत नसे. या झाकणाच्या पेटंटसाठी त्यांनी १९४७ मध्ये अर्ज केला आणि १९४९ मध्ये ते मंजूर झाले.

माल उत्तम होता, पेटंट हाती होते, वर्तमानपत्रांत कौतुकही झाले. पण दुकानांत वाडगे पडून राहिले. प्लास्टिकविषयी लोकांचे मत तेव्हा चांगले नव्हते. ते ठिसूळ असते, गरम पाण्यात वाकते, असा अनुभव होता. आणि झाकण लावायचे कसे, हेच गिऱ्हाइकाला कळत नव्हते. फळीवर ठेवलेला मुका डबा स्वतःचा गुण सांगू शकत नाही. त्यासाठी तो कुणीतरी हातात घेऊन दाखवावा लागतो.

ते काम बायकांनी केले. त्या काळी अमेरिकेत स्टॅन्ले होम प्रॉडक्ट्स नावाची कंपनी ब्रश, फडकी, साफसफाईचे सामान घरोघरी विकत असे. एखादी गृहिणी शेजारणींना चहाफराळाला बोलवी, विक्रेती सामान दाखवी आणि यजमानीण बाईला भेटवस्तू मिळे. या विक्रेत्यांपैकी काहींनी स्टॅन्लेच्या मालाबरोबर टपरचे वाडगे ठेवायला सुरुवात केली आणि पाहता पाहता वाडगेच जास्त खपू लागले. त्यांतली सर्वांत तल्लख विक्रेती होती ब्राउनी वाइज.

ब्राउनी वाइज यांचा जन्म १९१३ साली जॉर्जिया राज्यात झाला. त्या घटस्फोटित होत्या आणि एकट्याने मुलाला वाढवत होत्या. आधी त्या सेक्रेटरीची नोकरी करत. जोडीला स्टॅन्लेचा माल विकू लागल्या आणि नंतर टपरचे वाडगे. त्यांची दाखवण्याची रीत अशी की एकदा पाहिलेले कुणी विसरत नसे. वाडग्यात द्राक्षाचा रस भरायचा, झाकण लावायचे आणि भर बैठकीत तो एखाद्या बाईकडे फेकायचा. सगळ्यांचा श्वास अडके, पण एक थेंब सांडत नसे. यानंतर आणखी काही पटवून देण्याची गरज उरत नव्हती.

वाइज फ्लोरिडात राहायला गेल्या आणि तिथे त्यांचा पसारा इतका वाढला की कंपनीकडून वेळेवर माल पुरेना. तक्रार करण्यासाठी त्यांनी थेट टपर यांना फोन लावला. टपर स्वतः बुजरे, माणसांपेक्षा यंत्रांत रमणारे. आपला माल दुकानांत पडून आहे आणि ही बाई मात्र सतत आणखी मागते आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. १९५१ मध्ये त्यांनी वाइज यांना कंपनीच्या गृहविक्री विभागाच्या उपाध्यक्ष नेमले आणि दुकानांतली विक्री बंद केली. यापुढे टपरवेअर फक्त घरातल्या बैठकींत मिळणार होते.

फ्लोरिडातील किसिमी या गावी वाइज यांनी विक्रीचे मुख्यालय उभे केले. युद्धाच्या काळात कारखान्यांत राबलेल्या हजारो अमेरिकन स्त्रिया पुरुष परतल्यावर पुन्हा घरी बसल्या होत्या. पदवी नाही, लहान मुले आहेत, बाहेरची नोकरी शक्य नाही, अशा बाईला वाइज यांनी सोपा मार्ग दाखवला. शेजारणी जमवा, डबे दाखवा, कमिशन मिळवा. हाताखाली विक्रेत्या तयार केल्या की व्यवस्थापक व्हा. १९५४ पासून किसिमीला दरवर्षी मोठा मेळावा भरू लागला. उत्तम विक्री करणाऱ्यांसाठी जमिनीत बक्षिसे पुरून ठेवत आणि बायका फावडी घेऊन ती उकरून काढत. घरात ज्यांच्या कामाला कुणी शाबासकी देत नव्हते, त्यांची नावे तिथे व्यासपीठावरून पुकारली जात. ज्याला कुणी वाखाणत नाही त्याला वाखाणा, माणूस आपोआप मोठा होतो, हे वाइज यांना नेमके ठाऊक होते.

१९५४ मध्येच ‘बिझनेस वीक’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर ब्राउनी वाइज यांचे छायाचित्र छापले गेले. त्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली स्त्री. कंपनीला याने अफाट प्रसिद्धी मिळाली. पण जो तो डबा सोडून वाइज यांच्याविषयी बोलू लागला आणि टपर यांच्या मनात ते सलू लागले. पुढे दोघांत खर्चावरून, निर्णयांवरून खटके उडत गेले. टपर यांना कंपनी विकायची होती. स्त्री प्रमुखपदी असेल तर चांगला गिऱ्हाईक मिळणार नाही, असे त्यांचे मत झाले होते, असेही सांगतात.

जानेवारी १९५८ मध्ये वाइज यांना कामावरून काढण्यात आले. त्यांच्याकडे कंपनीचा एकही शेअर नव्हता. भांडण कोर्टात गेले आणि शेवटी सुमारे वर्षभराच्या पगाराइतकी, म्हणजे ३० हजार डॉलरच्या आसपास, रक्कम देऊन प्रकरण मिटवण्यात आले. त्याच वर्षी टपर यांनी कंपनी रेक्सॉल या औषध कंपनीला सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरला विकली. पुढे त्यांनी पत्नीशी घटस्फोट घेतला, अमेरिकेचे नागरिकत्व सोडले आणि ते मध्य अमेरिकेत कोस्टा रिकाला राहायला गेले. तिथे १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. वाइज यांनी सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीतून पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न केला, पण तो यशस्वी झाला नाही. १९९२ मध्ये किसिमीतच त्या वारल्या. कंपनीच्या इतिहासातून त्यांचे नाव कित्येक वर्षे जवळजवळ पुसलेलेच होते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एकाला १ कोटी ६० लाख, दुसरीला ३० हजार. टपर यांची कल्पकता मोठी होती, यात शंका नाही. तो डबा त्यांनीच घडवला. पण दुकानांत तो खपत नव्हता, हेही तितकेच खरे. टपर यांच्या झाकणाला पेटंटचा कागद होता, कारखान्याला मालकीचा कागद होता. वाइज यांनी उभे केलेल्या विश्वासाच्या जाळ्याला मात्र कोणताच कागद नव्हता.

वाइज गेल्या तरी त्यांची पद्धत राहिली आणि तिच्याच जोरावर कंपनी वाढली. १९६० मध्ये ब्रिटनमध्ये पहिली बैठक झाली, मग युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया. भारतात ती १९९६ मध्ये आली. डेहराडूनला कारखाना निघाला आणि मुंबई-पुण्याच्या भिशी मंडळांत, किटी पार्ट्यांत टपरवेअरचे रंगीत डबे फिरू लागले. स्टीलच्या डब्याच्या तुलनेत महाग, पण ‘आयुष्यभराची हमी’ हे शब्द बायकांना पटत.

सर्वांत लक्षणीय कहाणी इंडोनेशियाची आहे. जगातल्या सर्वांत जास्त मुस्लिम लोकसंख्येच्या या देशात ‘अरिसान’ नावाची प्रथा घराघरांत आहे. दर महिन्याला शेजारणी किंवा नातलग जमतात, ठरलेली रक्कम एकत्र टाकतात आणि चिठ्ठी निघेल तिला ती सगळी मिळते. म्हणजे आपली भिशीच. टपरवेअरला बैठक वेगळी भरवण्याची गरजच पडली नाही, ती आधीपासून भरतच होती. २०१३ मध्ये जर्मनीला मागे टाकून इंडोनेशिया ही कंपनीची सर्वांत मोठी बाजारपेठ झाली. विक्री वर्षाला २० कोटी डॉलरच्या वर गेली होती आणि विकणाऱ्या स्त्रियांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. महागडा डबा हप्त्याने घेण्याची सोयही याच ओळखीपाळखीतून होत असे.

मग एवढी मोठी कंपनी खाली का आली? कारणे अनेक आहेत. पेटंटची मुदत संपल्यावर तसाच डबा कुणालाही बनवता येऊ लागला. ज्या साच्यामुळे टपरवेअर स्वस्तात बनत असे, तसे साचे आता हजार ठिकाणी होते. हॉटेलातून जेवण मागवले की आज डबा फुकटच घरी येतो. प्लास्टिकच्या आरोग्यावरील परिणामांची चर्चा वाढली आणि पुष्कळ घरे काच व स्टीलकडे वळली. स्त्रिया नोकरीला लागल्या, दुपारच्या बैठकीला वेळ उरला नाही. आणि जो डबा तीस वर्षे टिकतो, तो घेणारी बाई पुन्हा लवकर गिऱ्हाईक होत नाही.

पण इतर कंपन्या दुकानांत आणि मोबाइलवर पोहोचल्या, तेव्हाही टपरवेअर घरच्या बैठकीलाच धरून बसली. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत ती पुन्हा ठळकपणे आली तेव्हा २०२२ साल उजाडले होते. कोरोनाच्या काळात लोक घरी स्वयंपाक करू लागल्याने विक्री काही काळ वाढली, मग पुन्हा घसरली. मशीन, साचे, कारखाने यांचा खर्च मात्र विक्री घटली म्हणून घटत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ८० कोटी डॉलरहून अधिक कर्जाखाली दबलेल्या कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्या वेळी तिच्या पगारी कर्मचाऱ्यांची संख्या साडेपाच हजारांच्या आसपास होती आणि कमिशनवर विकणाऱ्यांची साडेचार लाखांहून अधिक. पुढे कर्ज देणाऱ्यांनीच कंपनीचे नाव आणि मुख्य व्यवसाय विकत घेतला. इंडोनेशियातील कारभार तेहतीस वर्षांनंतर जानेवारी २०२५ मध्ये बंद झाला.

त्या साडेचार लाखांचे काय झाले असेल, याचा विचार करा. कंपनीच्या कागदांत त्या नोकर नव्हत्या, ‘स्वतंत्र विक्रेत्या’ होत्या. नोकरी गेल्याची भरपाई नाही, पेन्शन नाही. सत्तर वर्षांपूर्वी जे एका ब्राउनी वाइजच्या वाट्याला आले, ते आता लाखोंच्या वाट्याला आले.

हे सगळे दूरच्या देशात घडले असले तरी आपल्या वस्त्यांत याचीच लहान रूपे दिसतात. मसाल्याचा धंदा भावाच्या नावावर असतो; भाजणे, कांडणे, पाकिटे भरणे वहिनी आणि बहीण करतात. कपड्यांच्या दुकानाचे परवानापत्र शौहरच्या नावावर असते. बायकांची सगळी गिऱ्हाइके मात्र बेगमच्या बोलण्यावर टिकलेली असतात. रमजानात समोसे आणि फिरनीच्या ऑर्डर खालाजानच्या हाताच्या चवीवर येतात, हिशेबाच्या वहीत त्यांचे नाव कुठेच नसते. घरात मोहब्बत आहे तोवर हे कुणाला खटकत नाही. वाटणी, तलाक, मृत्यू किंवा धंदा विकण्याची वेळ आली की मगच कागद शोधले जातात आणि तेव्हा कळते की कागदावर ती कुठेच नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी आजच करून ठेवाव्यात. घरच्या धंद्यात राबणाऱ्या स्त्रीचे नाव भागीदार म्हणून किंवा पगारदार म्हणून लिहून ठेवा. नफ्यात तिचा हिस्सा किती, हे आकड्यात लिहा. तिच्या कमाईचे पैसे तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जाऊ द्या. गिऱ्हाइकांची यादी, पाककृती, मालाचे नाव हे कुणाच्या मालकीचे, हेही ठरवून ठेवा. यात अविश्वास नाही. उलट लिहिलेल्या हिशेबाने नाती टिकतात.

बाहेरच्या कंपनीचा माल घरोघरी विकणाऱ्या भगिनींनी आणखी एक पाहावे. पैसा माल विकून मिळतो की नवीन माणसे जोडून? माणसे जोडण्याचेच पैसे मिळत असतील, तर लांब राहा. थेट विक्रीसाठी आपल्या देशात २०२१ मध्ये नियम झाले आहेत. त्यांनुसार कंपनीने विक्रेत्याशी लेखी करार करायला हवा, नाव नोंदवण्याची फी घेता येत नाही आणि पिरॅमिड पद्धतीच्या साखळी योजनांना बंदी आहे. तोंडी आश्वासनावर सोने गहाण ठेवून माल भरू नका. करार मराठीत समजावून घ्या, मगच सही करा.

आणि ज्या घरांत मुलगे, भाऊ मोल्डिंगच्या कारखान्यात काम करतात किंवा स्वतःचे मशीन टाकण्याचा विचार करतात, त्यांनी कर्ज काढण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. रात्रंदिवस डबे ओतणारे मशीन तर मिळेल, पण हे डबे विकणार कोण? त्या प्रश्नाचे उत्तर घरातलीच एखादी बाई असेल, तर मशीनच्या कागदांबरोबर तिच्या हिश्श्याचा कागदही तयार करा.